स्वाती दांडेकर, आयोवा सिनेट आणि २६ विरुद्ध २४

सीडरकाठ:

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. इथे अमेरिकेच्या राजकारणावर धागे निघतात ते राष्ट्राध्यक्षांवर, फार तर काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर. राज्याच्या विधिमंडळात कोण बसतं, तिथे काय ठरतं, यावर कोणी बोलत नाही. आमच्या आयोवा राज्यातल्या मॅरियन गावाची जागा तर नऊएक वर्षं नागपूरच्या बाईंकडे होती. स्वाती दांडेकर. जन्म १९५१, शिक्षण नागपूर विद्यापीठात, १९७०च्या दशकात आयोवात आल्या. नाव ऐकलेले लोक इथे असतील, पण त्यांच्या कारकिर्दीचा मधला भाग फारसा कोणाला माहीत नसतो. मला तोच सांगायचाय.

मॅरियन म्हणजे सीडर रॅपिड्सला चिकटलेलं गाव. काउंटीचं (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचं) नाव लिन, गाव मॅरियन, म्हणून शाळांच्या जिल्ह्याचं नाव लिन-मार. आम्ही २००० साली इथे आलो. मुलगी किंडरगार्टनमध्ये. वर्गात पोरं जास्त झाली होती, म्हणून काही आया मिळून शाळा समितीच्या बैठकीला गेलो. घडीच्या लोखंडी खुर्च्या, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर लांब टेबलामागे सात माणसं आणि प्रत्येकापुढे नावाची पाटी. त्यातल्या एका पाटीवर दांडेकर! मी बोलायला उठले तेव्हा माझं इंग्रजी अडखळत होतं, पण त्या पाटीकडे बघून बोलले आणि तीन मिनिटं पुरी केली.

दांडेकर १९९६ पासून त्या समितीवर होत्या. आयोवात शाळा समितीच्या सभासदाला पगार नाही, मानधन नाही. तेव्हा ही निवडणूक सप्टेंबरात वेगळी व्हायची आणि मतदानाला अगदी मोजकी माणसं यायची. काम मात्र किचकट. नवी शाळा बांधायला कर्जरोखे काढायचे तर मतदारांची ६० टक्के संमती लागते. ५९ टक्के पडली तर इमारत होत नाही आणि पोरं पत्र्याच्या फिरत्या खोल्यांत बसतात. सहा वर्षं हे केल्यावर २००२ मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या, डेमोक्रॅटिक पक्षाकडून.

त्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवाराची एक इमेल बाहेर आली. आम्ही इथे आयोवात वाढलो आणि ही बाई भारतात, जातिव्यवस्थेच्या देशात वाढली, मग हिला आमच्या राज्याचे कायदे करायला कसं जमणार, असा तिचा आशय. पेपरात छापून आलं. ऑफिसात आमच्याशी कोणी काही बोललं नाही, पण मी आठवडाभर डबा खायला जेवणघरात गेले नाही, गाडीत बसून खाल्ला. आणि नोव्हेंबरात मॅरियनच्या लोकांनी दांडेकरांना चांगल्या फरकाने निवडून दिलं. मला तेव्हा मत नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी जेवणघरात गेले.

प्रतिनिधीगृहात तीनदा निवडून आल्या. मग २००८. त्या जूनमध्ये सीडर नदी ३१ फुटांवर गेली. सीडर रॅपिड्सचं नगरभवन तेव्हा नदीतल्या बेटावर होतं, ते पाण्यात गेलं. शहराचा दहा चौरस मैल भाग बुडाला. मॅरियन उंचावर, म्हणून आमच्याकडे माणसं राहायला आली. आमच्या तळघरात एक कुटुंब सात आठवडे होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दांडेकर राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर निवडून आल्या. ही जागा आधी रिपब्लिकन पक्षाकडे होती. मी त्याच्या आदल्या वर्षी नागरिक झाले होते, त्यामुळे मी पहिल्यांदा मत दिलं ते ओबामांना आणि त्यांना, एकाच कागदावर.

आता खरी गोष्ट. २०१०च्या निवडणुकीनंतर आयोवा सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४ होते. प्रतिनिधीगृह आणि गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख), दोन्ही रिपब्लिकनांकडे. म्हणजे सगळं दोन माणसांच्या फरकावर टांगलेलं. सप्टेंबर २०११ मध्ये गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी दांडेकरांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर (२०२४ पासून युटिलिटीज कमिशन) नेमलं. वीज, गॅस वगैरेंचे दर ठरवणारं हे मंडळ. त्यांनी ते स्वीकारलं आणि सिनेटचा राजीनामा दिला. चार वर्षांच्या मुदतीत एक वर्षाहून जास्त काळ शिल्लक होता. पक्ष बदलला नाही, कोणाविरुद्ध बोलल्या नाहीत. फक्त उठल्या आणि गेल्या. पण त्यांची जागा रिपब्लिकनांनी जिंकली असती तर २५-२५ झालं असतं.

मला त्या बाईंबद्दल आदर आहे, आजही आहे. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, ते वाचायचंय.

धरमपेठकर:

छान लिहिलंय. नागपुरात त्यांच्याबद्दल बातम्या यायच्या, पण "नागपूरकन्या अमेरिकेत आमदार" एवढ्यावर संपायच्या. पुढचं आज कळलं.

एक हिशेब मांडून बघितला. आयोवाची लोकसंख्या २०१० मध्ये साधारण ३० लाख, प्रतिनिधीगृहात १०० जागा. म्हणजे एका प्रतिनिधीमागे ३० हजार माणसं. महाराष्ट्रात २०११ला ११ कोटी २४ लाख आणि आमदार २८८, म्हणजे एकामागे जवळजवळ ३ लाख ९० हजार. नागपूर महापालिकेत २४ लाखांमागे दीडशे नगरसेवक. म्हणजे आयोवाचा आमदार हा लोकांच्या संख्येने आपल्या दोन नगरसेवकांएवढा, आणि अधिकार मात्र राज्याचे कायदे करायचा. दार वाजवून प्रत्येक घर गाठता येईल असा मतदारसंघ. मला हे फार आवडलं. आमच्या आमदारांना आम्ही बॅनरवर बघतो आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला रस्ते बंद होतात तेव्हा आठवतो.

राजीनाम्याबद्दल विचारतो. तिकडे पक्षांतरबंदी कायदा नाही ना? आपल्याकडे १९८५ पासून आहे, तरी आमदार राजीनामे देऊन सरकारं पाडतातच. कर्नाटकात २०१९ला पाहिलंच आपण. मग दांडेकरांच्या राजीनाम्यात आणि त्यात फरक काय धरायचा? नेमणूक करणारा गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, पगार जास्त आणि गेल्यामुळे बहुमत धोक्यात. माफ करा, पण मला हे सरळ वाटत नाही.

अनुजा_वॉकी:

मी राजधानी डे मॉइनशेजारच्या वॉकीत राहते. विधिमंडळात नोकरी नाही, पण तिथली माणसं ओळखीची आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली, युटिलिटीज बोर्डावर तीन माणसं असतात आणि तिघंही एकाच पक्षाची असून चालत नाहीत, असा कायदाच आहे. त्यामुळे रिपब्लिकन गव्हर्नरालाही तिथे कोणीतरी वेगळं शोधावंच लागतं. दुसऱ्या पक्षातल्या व्यक्तीला नेमलं म्हणजे फोडलं, असं लगेच म्हणता येत नाही. सिनेटरचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर, कारण ते पूर्णवेळ कामच नाही. जानेवारीत अधिवेशन सुरू होतं, विषम वर्षी ११० दिवस आणि सम वर्षी १०० दिवसांनंतर भत्ता थांबतो. उरलेलं वर्ष शेतकरी शेतावर जातो, वकील कोर्टात. तेव्हा जास्त पगाराची पूर्णवेळ नेमणूक घेतली तर त्यात चोरटं काही नाही.

पण दुसरी गोष्ट मला सोडवत नाही. ३ एप्रिल २००९ला आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्याच महिन्यात माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आणि त्याच्या जोडीदाराने लग्न केलं. इथे लग्नाचा परवाना काउंटी रेकॉर्डरच्या कचेरीतून मिळतो, घराची खरेदीखतं नोंदतात तिथेच. मी साक्षीदार म्हणून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला त्यावर वधू आणि वर असं न छापता नवीन शब्द छापले होते आणि कागद इतका ताजा होता की हाताला शाई लागली. त्याच्या आईने कॉर्नब्रेड करून आणला होता, तो आम्ही पार्किंगमध्ये उभ्याउभ्या खाल्ला.

पुढच्या वर्षी त्या निकालातल्या तीन न्यायाधीशांना मतदारांनी मतदानाने पदावरून काढून घरी बसवलं. २०११च्या फेब्रुवारीत प्रतिनिधीगृहाने त्या लग्नांविरुद्ध घटनादुरुस्ती मंजूर केली. सिनेटचे नेते माइक ग्रॉन्स्टल यांनी ती सभागृहात येऊ दिली नाही. ते नेते होते कारण २६ होते. २५-२५ झालं असतं तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही, पण तो सहकारी सप्टेंबरात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅरियन कुठे आहे? तिकडे कोणी ओळखीचं आहे का तुझ्या?" म्हणजे माझ्या भाषेच्या बाईंनी सोडलेली जागा त्याच्या घरापर्यंत आली होती. मी त्याला काय सांगणार होते?

जुनाखडू:

मी निवृत्त शिक्षक, मुलाकडे आयोवातल्या डब्यूकला दहा वर्षं होतो, आता पुण्यात. मला वाटतं दांडेकरांवर अन्याय होतोय.

विजेचे दर हे किरकोळ काम नाही. दरवाढीचा अर्ज आला की हे बोर्ड लोकांचं ऐकायला गावोगाव बैठका घेतं. अशा एका बैठकीला मी गेलो होतो. शाळेचं सभागृह, बाहेर उणे वीस. एक म्हातारी बाई वर्षाची बिलं बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली होती. जानेवारीचं बिल काढून तिने वाचून दाखवलं, मग औषधांचा खर्च वाचून दाखवला आणि खाली बसली. बोर्डाची माणसं लिहून घेत होती. हे लिहून घेणारी व्यक्ती शाळा समितीत तीन-तीन मिनिटं ऐकत सहा वर्षं बसलेली असेल तर मला ते बरं वाटतं. आणि निवडणुकीच्या धबडग्यातून सुटून, सहा वर्षांच्या मुदतीच्या पदावर शांतपणे काम करावंसं साठीच्या बाईंना वाटलं तर त्यात वावगं काय?

शिवाय खुर्ची मतदारांचीच होती. त्या उठल्या तेव्हा ती मतदारांकडे परत गेली. पक्षाकडे नाही आणि गव्हर्नराकडेही नाही. कर्नाटकाशी तुलना मला पटत नाही.

धरमपेठकर:

जुनाखडू सर, खुर्ची मतदारांकडे परत गेली हे मान्य. पण मतदारांनी चार वर्षांसाठी निरोप दिला होता. घरी पाहुणा जेवायला बसवला आणि तो भाताआधीच उठला, तर वाढणाऱ्याला लागतंच.

सीडरकाठ:

धरमपेठकर, भाताचं बोललात ते अगदी तसंच वाटलं होतं.

पोटनिवडणूक ८ नोव्हेंबरला लागली. डेमोक्रॅटांकडून लिझ मॅथिस उभ्या राहिल्या. त्यांनी इथल्या टीव्हीवर वर्षानुवर्षं बातम्या दिल्या होत्या, घराघरात त्यांचा चेहरा ओळखीचा होता. मी त्याआधी कधी प्रचार केला नव्हता. ऑक्टोबरचे पाच शनिवार दारं वाजवत फिरले. आपल्याला एक फळी देतात, तिच्यावर त्या गल्लीची यादी, नाव, वय, पक्ष. पोर्चवर भोपळे मांडलेले, कुठे कुत्रं भुंकायचं. एका दारात आजोबा आले, हातात मोटार ऑइलने माखलेलं फडकं. मी सुरुवात केली तर म्हणाले, "मी तिला मत दिलं होतं. त्या दुसऱ्या बाईला." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू तिची कोण?" मी म्हटलं, कोणी नाही, आमची भाषा एक आहे. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मग तिला सांग, मी पुन्हा येईन मत द्यायला, पण मला ते दोनदा करायला नको होतं."

मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचा प्रसंगही आला नाही.

मॅथिस ५६ टक्के मतं मिळवून आल्या. २६ चे २६ राहिले. अनुजा, तुझ्या सहकाऱ्याला तेव्हा तू फोन केला असशील ना?

अनुजा_वॉकी:

त्यानेच केला. रात्री साडेदहाला. आम्ही दोघंही काही बोललो नाही नीट.

बाल्टिमोरकर:

धागा उशिरा पाहिला. यात मेरीलँडची एक समांतर गोष्ट टाकतो. इथे कुमार बर्वे. जन्म न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडीचा, म्हणजे आपल्यासारखे आलेले नव्हेत, इथलेच. १९९० साली मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्सवर, म्हणजे तिथल्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. भारतीय वंशाची व्यक्ती अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळात निवडून येण्याची ही पहिलीच वेळ मानतात. रॉकव्हिल-गेदर्सबर्ग हा त्यांचा मतदारसंघ. नऊ वेळा निवडून आले! २००३ ते २०१५ बहुमत पक्षाचे नेते, मग पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष. २०१७ला राज्याने जमिनीखाली पाण्याच्या दाबाने खडक फोडून गॅस काढण्यावर बंदी घातली, तेव्हा त्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. मी तेव्हा राजधानी ॲनापोलिसला एका सुनावणीला गेलो होतो. ते विधानभवन बघायला तरी जा एकदा. लाकडी घुमट आहे आणि वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा राजीनामा १७८३ मध्ये तिथे दिला. राजीनाम्याचाच धागा आहे म्हणून आठवलं.

तर बर्वे २०१६ मध्ये काँग्रेससाठी उभे राहिले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या त्या प्राथमिक निवडणुकीत एका उद्योगपतीने स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर ओतले, तरी जिंकले जेमी रास्किन. बर्वे फार मागे राहिले. पंचवीस वर्षांचं काम, पण एका मतदारसंघापलीकडे नाव पोचलेलं नाही. २०२२ला पुन्हा विधिमंडळात निवडून आले आणि २०२३ मध्ये गव्हर्नर वेस मूर यांनी त्यांना पब्लिक सर्व्हिस कमिशनवर नेमलं. म्हणजे काय? वीज-गॅसचे दर! दांडेकरांचीच वाट. मुदत जेमतेम सुरू झाली होती, तरी राजीनामा दिला. पण इथे कोणी हूं की चूं केलं नाही. एक तर बहुमत भरभक्कम, दुसरं म्हणजे मेरीलँडमध्ये अशी जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही. त्या पक्षाची काउंटी समिती नाव सुचवते आणि गव्हर्नर नेमतो. मतदाराला कोणी विचारतच नाही. तुमच्या त्या फडकंवाल्या आजोबांना निदान दोनदा मत तरी देता आलं. मला आयोवाची पद्धत जास्त न्याय्य वाटते, त्रास झाला तरी.

जुनाखडू:

बाल्टिमोरकर, ही माहिती नवीन होती. धन्यवाद. विधिमंडळातून दर ठरवणाऱ्या मंडळावर जाणं म्हणजे पळ काढणं नव्हे, अनुभवाची माणसं तिकडे जातातच, हेच मी म्हणत होतो.

धरमपेठकर:

मी थोडा नरमलो. पण मग बोर्डाची सहा वर्षं तरी पूर्ण केली का त्यांनी?

सीडरकाठ:

नाही केली. २०१३ मध्ये बोर्डही सोडलं. आमच्या भागातली काँग्रेसची जागा २०१४ला रिकामी होत होती, तिच्यासाठी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उतरल्या. पाच उमेदवार होते. पॅट मर्फी जिंकले, ते प्रतिनिधीगृहाचे माजी अध्यक्ष. नोव्हेंबरात ते रिपब्लिकन उमेदवाराकडून हरले.

त्या प्रचारात मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणांनी २०११चा विषय काढला. अनुभवाबद्दल कोणाला शंका नव्हती. आम्ही ज्या २६ साठी फिरलो ते विसरलो नव्हतो, एवढंच. मी स्वतः त्यांना मत दिलं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कोणाला? मी सांगितलं. तो म्हणाला, तुला तर राग होता. होताच. पण त्या १९९६ पासून बिनपगारी खुर्चीवर बसल्या नसत्या तर मी २००० साली त्या माइकपाशी तीन मिनिटं बोलले नसते, आणि मग २०११ला दारंही वाजवली नसती. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्रच राहतात. एकीने दुसरी पुसली जात नाही.

पुढे ओबामांनी त्यांना मनिलाच्या आशियाई विकास बँकेत अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून नेमलं. मॅरियनच्या शाळा समितीपासून मनिलापर्यंत. पण मधल्या पायऱ्या बघितल्याशिवाय तो प्रवास कळत नाही, म्हणून हा धागा काढला.

अनुजा_वॉकी:

धागा वाचून झाल्यावर कालपासून एक विचार डोक्यात आहे, विचारूनच टाकते. आमच्या शाळा समितीच्या जागा यंदा आहेत. मुलं आता हायस्कूलला आहेत, मला वेळ आहे. मला इथे मोजकीच माणसं ओळखतात. अर्ज कुठे द्यायचा?

सीडरकाठ:

अर्ज काउंटीत नाही, शाळा समितीच्या सचिवांकडे द्यायचा असतो. आता ही निवडणूक शहराच्या निवडणुकीबरोबर नोव्हेंबरात होते, त्यामुळे पूर्वीपेक्षा माणसं येतात मताला. अर्जासोबत तुमच्या जिल्ह्यातल्या मतदारांच्या सह्या लागतात. किती, ते सचिवांना विचार आणि त्याहून दीडपट गोळा कर, काही बाद होतात.

मॅरियनहून वॉकीला सव्वादोन तास. पहिल्या शनिवारी मी येते. फळी माझ्याकडे आहे, यादी तू छापून ठेव.